घरी शिकवणाऱ्या आईची सुट्टी आणि तिचं स्वतःचं पुस्तक

एप्रिलच्या शेवटी एक आई माझ्याकडे चौकशीला आली होती. तिच्या मुलाचं हिफ्ज पूर्ण होत आलंय. तीन वर्षं तो शाळेत गेलेला नाही. सकाळी मदरसा, दुपारनंतर घरी अम्मीकडे गणित, मराठी, विज्ञान. आता दहावीचा १७ नंबरचा फॉर्म भरायचा की एनआयओएसमधून बसवायचं, हे तिला विचारायचं होतं. धाकटी मुलगीही सध्या घरीच शिकते. नवरा कुवेतला.

फॉर्मचं बोलणं झालं. उठताना तिची नजर टेबलावरच्या कादंबरीकडे गेली. तिने पुस्तक उचललं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "टीचर, मीपण वाचायचे हो. लग्नाआधी लायब्ररीचं कार्ड होतं माझं. आता मुलांच्या धड्यांशिवाय काही वाचून किती वर्षं झाली, आठवतच नाही."

मी म्हटलं, "मग आता सुट्टीत वाच की." ती हसली. "सुट्टी मुलांना. मला कुठली?"

तिचं म्हणणं खरं होतं. मे महिन्यात मला शाळेची पगारी सुट्टी मिळते. तिच्या शाळेत हजेरीपट घेणारीही तीच, डबा करणारीही तीच आणि शिपाईही तीच. हा लेख तिच्यासारख्या आयांसाठी आहे. मुलांना पूर्णवेळ घरी शिकवणाऱ्या असोत, हिफ्जबरोबर शाळेचे विषय घेणाऱ्या असोत, की फक्त उन्हाळ्यात मुलांचा कच्चा विषय पक्का करून घेणाऱ्या असोत.

वेळ जातो कुठे?

शाळेला घंटा असते. पाच वाजता दप्तर बंद झालं की शिक्षकही सुटतो. घरच्या शाळेला घंटा नसते. भाकरी थापता थापता पाढे चालू असतात आणि कपडे वाळत घालताना इंग्रजीचे स्पेलिंग. शिकवणं दिवसभर सांडलेलं असतं, म्हणून दिवसभर शिकवूनही "आज काहीच झालं नाही" असं वाटत राहतं.

त्यात उन्हाळा. मुंबई-पुण्याचे नातेवाईक गावी येतात. लग्नं याच दिवसांत. लोणचं, पापड, कुरडया, आंब्याचा साठ. पाण्याची बोंब असेल तर टँकरची वाट बघणं वेगळंच. आणि मदरशाची मोठी सुट्टी रमजानच्या हिशोबाने येते, शाळेची मे महिन्यात. दोन्हीकडे शिकणारं मूल असेल तर आईला दोन्हीपैकी कुठलीच सुट्टी धड लागत नाही. उलट "वर्षभरात राहिलेलं आता भरून काढू" म्हणून मे महिन्यात ती जास्तच शिकवते.

म्हणून पहिली गोष्ट ही की वेळ आपोआप निघणार नाही. घंटा आपणच लावायची आहे.

कुठल्या वाचनाबद्दल बोलतोय?

इथे एक फरक नीट करून घेऊ. मुलांना शिकवण्यासाठी आदल्या रात्री धडा वाचणं ही तयारी झाली. रोजची तिलावत ही इबादत. तिची जागा तिची आहे, तिच्यातला वेळ कापायचा नाही आणि तिला या हिशोबात धरायचंही नाही. मोबाइलवर आलेले मेसेज वाचणं म्हणजे वाचन नव्हे, हे तर आपण मुलांना रोज सांगतोच.

मी बोलतेय ते स्वतःच्या आवडीच्या वाचनाबद्दल. जे वाचून कुणाची परीक्षा घ्यायची नाही आणि कुणाला समजावून सांगायचं नाही. कथा, आत्मचरित्र, इतिहास, प्रवास, जे मनाला भावेल ते. यातच बऱ्याच जणींना अपराधी वाटतं. काम पडलंय आणि मी पुस्तक घेऊन बसले, लोक काय म्हणतील? सासूबाई काय म्हणतील?

आपल्या आधीच्या घरी शिकलेल्या

बाईने घरात बसून शिकणं, वाचणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. हजरत हफ्सा यांना लिहायला शिकवणाऱ्या हजरत शिफा बिन्ते अब्दुल्ला होत्या, हे हदीसच्या ग्रंथांत आलेलं आहे. पुढे कुरआनची लिखित प्रत ज्यांच्याकडे सांभाळायला होती, त्या याच हजरत हफ्सा.

एकोणिसाव्या शतकातल्या उत्तर प्रदेशातल्या बिजनौर भागातल्या अशरफुन्निसा बेगम, म्हणजे बीबी अशरफ, यांची गोष्ट उर्दू वाचणाऱ्यांना माहीत असेल. मुलींनी कुरआन वाचायला शिकावं इथपर्यंत घरच्यांना मान्य होतं, पण लिहिणं मंजूर नव्हतं. या मुलीने तव्याची काजळी पाण्यात कालवून शाई केली, झाडूच्या काडीची लेखणी केली आणि लपूनछपून अक्षरं गिरवली. सुरुवातीला आपण काय गिरवतोय हेसुद्धा तिला वाचता येत नव्हतं. पुढे त्याच बीबी अशरफ लाहोरला मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या. त्यांची ही हकीकत 'तहजीब-ए-निस्वां' या साप्ताहिकात छापून आली. १८९८ साली लाहोरला सुरू झालेल्या या साप्ताहिकाच्या संपादक मुहम्मदी बेगम होत्या. घरात बसलेल्या बायकांसाठी एका बाईने चालवलेलं ते वाचनाचं पान होतं.

बंगालच्या रुकैया सखावत हुसैन यांचंही तसंच. शाळेचं तोंड पाहिलं नाही. घरातले झोपल्यावर रात्री मोठा भाऊ त्यांना इंग्रजी शिकवायचा, बांगला शिकण्यात मोठ्या बहिणीची मदत. १९०५ साली त्यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा छापून आली आणि १९११ साली त्यांनी कोलकात्यात मुलींची शाळा काढली.

या दोघींचा क्रम बघा. आधी स्वतःसाठी वाचलं, मग दुसऱ्यांना शिकवलं. आपण उलट करतो. मुलांना शिकवायला लागलो की स्वतःचं वाचन बंद. काही वर्षांनी आईजवळ सांगायला पाठ्यपुस्तकापलीकडचं काही उरत नाही आणि तिचीच चिडचिड होते. मुलंही बघतात की मोठं झालं की पुस्तक सुटतं, वाचणं ही फक्त लहानांना लावलेली शिक्षा आहे.

आणि समजा मुलांवर काहीही परिणाम झाला नाही, तरी आईने वाचावं. तिला आवडतं एवढं कारण पुरेसं आहे.

वेळ कसा काढायचा?

*१. घरच्या शाळेला सुट्टी जाहीर करा.* मे महिन्यातले निदान तीन आठवडे. कॅलेंडरवर तारखा लिहा आणि मुलांना सांगा. या काळात फक्त हिफ्जचा दौर, म्हणजे पाठ झालेल्याची उजळणी, आणि अर्धा तास गणित. बाकी दप्तर बंद. घाबरू नका, शाळेतली मुलंही दीड महिना दप्तराला हात लावत नाहीत आणि जूनमध्ये पुन्हा रुळावर येतात, हे मी दरवर्षी बघते.

*२. वाचन नमाजच्या वेळेला बांधा.* "वेळ मिळाला की वाचेन" म्हटलं की वाचन होत नाही. नमाजची वेळ मात्र घरात सगळ्यांना माहीत असते. मे महिन्यात कोकण-मुंबईकडे फजर पावणेपाचच्या सुमारास आणि सूर्योदय सहानंतर. घर अजून झोपलेलं असतं, हवा गार असते. तिलावत झाल्यावर वीस मिनिटं तुमची. पहाटे जमत नसेल तर जोहरनंतर. बाहेर ऊन इतकं असतं की कुणी दार वाजवत नाही. हनफी घरांत असर पाचनंतर, कोकणातल्या शाफई घरांत ती चारच्या आसपासच येते. म्हणजे तिकडच्या बहिणींनी जेवणाची भांडी जरा नंतर घासावीत, पुस्तक आधी उघडावं! दिवसातली एकच वेळ पक्की करा. दोन-तीन वेळा ठरवल्या की एकही पाळली जात नाही.

*३. दुपारी सगळ्यांनी मिळून गप्प वाचायचं.* वीस मिनिटांचा गजर लावा. मोठ्याला त्याचं पुस्तक, मधलीला मासिक, वाचता न येणाऱ्याला चित्रांचं पुस्तक. अम्मीच्या हातात अम्मीचं. नियम एकच: गजर होईपर्यंत कुणी कुणाला काही विचारायचं नाही. पहिले चार दिवस दर दोन मिनिटांनी "अम्मी, पाणी" होईल. पाण्याची बाटली आधीच शेजारी ठेवा. आठवड्याभरात मुलांना सवय लागते. तुम्ही मात्र तेवढ्यात उठून कुकर बघायला जाऊ नका, नाहीतर तेही उठतील.

*४. घरात सांगून टाका.* लपून वाचलं की चोरीसारखं वाटतं. सासूबाईंना सरळ सांगा, "अम्मी, जोहरनंतर मी थोडं वाचत जाईन." शक्य असेल तर त्यांनाही वाचून दाखवा. चष्मा असूनही बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून वाचन सोडलेल्या किती तरी सासवा आपल्या घरांत आहेत. नवरा घरी असेल तर संध्याकाळी मुलांना अर्धा तास मैदानावर न्यायचं काम त्याचं. परदेशात असेल तर रोजच्या व्हिडिओ कॉलमध्ये पंधरा मिनिटं मुलांचे पाढे त्याने घ्यावेत. तेवढा वेळ तुम्ही दुसऱ्या खोलीत.

*५. पुस्तक हाताशी, मोबाइल लांब.* कपाटात आत ठेवलेलं पुस्तक आतच राहतं. ते उशीजवळ किंवा मुसल्ल्याजवळ ठेवा. मोबाइल चार्जिंगला लावून दुसऱ्या खोलीत.

*६. बारीक पुस्तकाने सुरुवात करा.* वर्षांनंतर वाचायला घेताना एकदम कुर्रतुलऐन हैदर यांचं 'आग का दरिया' हातात घेऊ नका. पुस्तक थोर आहे, पण पहिल्याच आठवड्यात दम लागेल. कथासंग्रह घ्या. एक कथा एका बैठकीत संपते. चाळीस पानांत मन लागलं नाही तर पुस्तक बंद करून दुसरं घ्या. आपल्याला परीक्षा द्यायची नाहीये.

पुस्तकं कुठली, कुठून?

आपल्या घरांत एक मोठी सोय आहे, ती म्हणजे दोन भाषा. उर्दूत इस्मत चुगताई आणि कुर्रतुलऐन हैदर यांच्या कथा आहेत. मराठीत लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' जरूर वाचा. लग्नानंतर लिहाय-वाचायला शिकलेल्या बाईने स्वतःचा संसार इतक्या हसतखेळत सांगितलाय की दुपार कधी सरली कळत नाही. साने गुरुजींचं 'श्यामची आई' सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांनीच लिहिलेलं 'इस्लामी संस्कृती' आपल्यातल्या थोड्यांनीच वाचलंय. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखक-लेखिकांची पुस्तकं ग्रंथालयात नावाने मागा. मागणी झाली की ती आणली जातात. रजिया पटेल यांचं 'चाहूल' हे आत्मकथन त्यातलंच.

विकत घेणं प्रत्येकीला परवडत नाही. तालुक्याच्या गावी आणि कितीतरी मोठ्या गावांत शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय असतं. थोडी अनामत आणि महिन्याची वर्गणी भरली की पुस्तक घरी आणता येतं. जायला जमत नसेल तर मुलाला पाठवा, त्यालाही ग्रंथालयाची वाट कळेल. 'रेख्ता'च्या वेबसाइटवर उर्दूची हजारो पुस्तकं मोफत वाचता येतात. उर्दू लिपी येत नसेल तर पुष्कळ कथा-गझला देवनागरीतही आहेत. मुलांसाठी बालभारतीचं 'किशोर' आहेच. १९७१ पासूनचं हे मासिक आहे आणि त्याचे जुने अंकही इंटरनेटवर फुकट मिळतात.

हिशोब

एका पानाला दोन मिनिटं धरली तर वीस मिनिटांत दहा पानं. दीड महिन्यात साडेचारशे. अधूनमधून लग्न, पाहुणे, आजारपण यात दिवस गेले तरी तीनशे कुठे गेली नाहीत. म्हणजे मध्यम आकाराची दोन पुस्तकं. वर्षानुवर्षं एकही न वाचलेल्या बाईसाठी दोन पुस्तकं ही काही लहान गोष्ट नाही.

ज्या बहिणीच्या कडेवर तान्हं आहे किंवा घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, तिला वीस मिनिटंही मिळणार नाहीत. तिने पाच मिनिटं वाचावं. तेही झालं नाही तर स्वतःला बोल लावू नये. कामांच्या यादीत आणखी एक काम वाढवण्यासाठी हे सांगत नाहीये.

ती आई त्या दिवशी माझी कादंबरी घेऊन गेली. तीन आठवड्यांनी फॉर्मच्या कागदांबरोबर पुस्तकही परत आणलं. अर्धंच झालं होतं आणि एका पानावर हळदीचा डाग. डागाबद्दल तिने दोनदा माफी मागितली. मी पुस्तक पुन्हा तिच्याच पिशवीत ठेवलं. म्हटलं, "कागद ठेव इथे, मी तपासते. पुस्तक घेऊन जा, पूर्ण कर."

तुमच्याही घरात कुठेतरी अर्धवट राहिलेलं एखादं पुस्तक असेल. आज इशानंतर ते शोधून ठेवा.