ओल्या सरपणाचा धूर

आषाढात आंबेनळी घाटात दरड कोसळून पोलादपूर-महाबळेश्वर रस्ता बंद पडतो, तेव्हा आसपासच्या वाड्यांवर भरलेला सिलिंडर वेळेवर येईल याचा भरवसा उरत नाही, आणि एरवी आंघोळीच्या पाण्यापुरती पेटणारी चूल दोन्ही वेळच्या स्वयंपाकाचा भार पुन्हा उचलते. माळ्यावर रचलेले सरपणही आतून दमटच असते. ते पेटण्याआधी बराच वेळ धुमसते, झडीमुळे दार लोटलेले असते, आणि सहा महिन्यांची गरोदर सून फुंकणी ओठांशी धरून, डोळे पदराने टिपत, जाळ धरेपर्यंत तोच धूर छातीत ओढीत राहते.

हा धूर छातीतच थांबत नाही. गर्भधारणेच्या पूर्वार्धात गर्भाशयाच्या भिंतीतील अरुंद, पिळदार रक्तवाहिन्या सैल व रुंद होतात, आणि दिवस भरत आले म्हणजे गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहते. बाळाचे सारे पोषण या प्रवाहावर अवलंबून. अडीच मायक्रॉनहून सूक्ष्म कण फुप्फुसांत दाह उत्पन्न करतात, त्याची झळ रक्तवाहिन्यांच्या अस्तराला लागते व त्या आकसू शकतात. शिवाय धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणजे जे रक्त पोहोचते तेही प्राणवायूला पारखे. बेल्जियममधील हासेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना तर २०१९ साली काजळीचे कण वारेच्या बाळाकडील बाजूतही सापडले.

तरीही एक निष्कर्ष प्रांजळपणे नोंदवला पाहिजे. तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू व रवांडा येथील ३२०० गर्भवतींपैकी निम्म्यांना गॅस देऊन केलेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सूक्ष्म कणांशी येणारा संपर्क घनमीटरला सुमारे ७१ मायक्रोग्रॅमऐवजी २४ वर आला, पण जन्मवजनात सरासरी २३ ग्रॅमचाच फरक पडला. यावरून धूर निरुपद्रवी ठरवणे मला मान्य नाही. त्या स्त्रिया नवव्या ते विसाव्या आठवड्यांदरम्यान दाखल झाल्या होत्या, आणि रक्तवाहिन्या रुंदावण्याचे काम तोवर बरेच पुढे गेलेले असते.

उज्ज्वला योजनेने १ मे २०१६ पासून गरीब घरातील स्त्रीच्या नावे गॅसजोडणी मंजूर केली, हे मोठेच काम झाले. परंतु घाटातल्या वस्तीला जोडणीइतकीच पावसाळ्यापूर्वीच्या पुरवठ्याची निकड आहे. गावच्या आशा स्वयंसेविकेच्या दफ्तरी गरोदर म्हणून जिचे नाव चढले, तिच्या घरी ज्येष्ठ सरण्याआधी दुसरा भरलेला सिलिंडर पोहोचवावा, आणि नवी सून घरात आली की दिवस जाण्याची वाट न पाहता तिच्या हातची फुंकणी काढून घ्यावी.