हार्डडिस्कचे पूर्वरूप आणि रुग्णनोंदींचे रक्षण

आपल्या दवाखान्यांत व औषधी दुकानांत संगणक प्रथम आला तो हिशेबासाठी. पुढे १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि तोपर्यंत वहीवर भागवणारी अनेक लहान दुकानेही त्याच्याकडे वळली. मात्र गेल्या काही वर्षांत या यंत्रात हिशेबाहून मौल्यवान असे काही साठत गेले आहे, याची आपणांस पुरेशी जाणीव झालेली दिसत नाही. जीर्ण आमवाताच्या अथवा तमकश्वासाच्या रुग्णाची दहा वर्षांची हकीकत, त्याची प्रकृती, कोणत्या ऋतूत कोणता कल्प सोसला, कोणत्या अनुपानाने उपशय मिळाला, हे सारे आता रुग्णपत्रकांच्या संगणकीय नोंदींत असते. रक्ततपासणी पुन्हा करता येते. दहा वर्षांचा उपशय-अनुपशय पुन्हा तपासता येत नाही.

एकाच प्रतीवर विसंबणे किती घातक असते, हे आपल्या शास्त्राइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? पुनर्वसु आत्रेयांच्या सहा शिष्यांनी तंत्रे रचली. त्यांपैकी अग्निवेशाचे तंत्र चरकाच्या प्रतिसंस्कारातून टिकले, तरी तेही अपूर्ण मिळाल्यामुळे चिकित्सास्थानाचे सतरा अध्याय आणि कल्प व सिद्धी ही स्थाने दृढबलाला पूर्ण करावी लागली. भेलसंहिता तंजावरच्या खंडित हस्तलिखितामुळे हाती आली. काश्यपसंहिता नेपाळात सापडलेल्या एका अपूर्ण ताडपत्री पोथीवरून १९३८ मध्ये छापली गेली. जतूकर्ण, पराशर आणि क्षारपाणी यांची तंत्रे टीकाकारांनी दिलेल्या उद्धरणांपुरतीच उरली. त्यांच्या पुरेशा नकला टिकल्या नाहीत, एवढीच त्यांची उणीव.

आता हार्डडिस्ककडे वळू. तिच्यात चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे या गतीने फिरतात आणि त्यांच्यावरून वाचक-लेखक शीर्ष तरंगत जाते. शीर्ष व तबकडी यांतील अंतर काही नॅनोमीटर, म्हणजे मानवी केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या हिश्श्याच्या आसपास असते. चालू डिस्क टेबलावरून पडणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानात यावे. शीर्ष तबकडीला घासले की लेप खरवडला जातो, त्याचे कण आत फिरू लागतात आणि आणखी भाग खरवडतात. व्याधीच व्याधीचा हेतू होतो.

सुश्रुताचे षट्क्रियाकाल येथे चपखल लागू पडतात. सामान्यतः आपण तंत्रज्ञाला बोलावतो ते भेदावस्थेत. स्थानसंश्रयात, म्हणजे पूर्वरूप दिसत असताना, पुष्कळ काही वाचवता येते. ही पूर्वरूपे ओळखणे कठीण नाही. नेहमीची फाईल उघडण्यास अकारण वेळ लागतो, एखादी नोंद वाचताना यंत्र काही क्षण गोठते, फाईल बिघडल्याचा संदेश येतो, विंडोज सुरू होताना आपणहून डिस्क तपासू लागते. ठरावीक अंतराने टक् टक् असा आवाज येऊ लागला, तर व्याधी व्यक्त झाली असे समजावे. शीर्षाला आपली जागा सापडत नसल्याचे ते लक्षण असते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते. तिला स्मार्ट म्हणतात आणि ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या विनामूल्य प्रोग्राममध्ये ती दिसते. निकामी झाल्याने बदललेले भाग आणि वाचता न आल्याने प्रलंबित ठेवलेले भाग, हे दोन आकडे शून्यावरून वर सरकले की सावध व्हावे. गुगल कंपनीच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळल्यावर पुढील साठ दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यात दिसले. त्याच अभ्यासाचे दुसरे निरीक्षण मला अधिक महत्त्वाचे वाटते. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये स्मार्टच्या चार प्रमुख निर्देशकांपैकी एकही इशारा नव्हता. तेव्हा आकडे स्वच्छ आहेत म्हणून निश्चिंत राहू नये. नव्या एसएसडीमध्ये तर फिरणारा भागच नसतो. ती वेगवान असते, धक्का सोसते, पण जाताना बहुधा आवाज न करता जाते.

पूर्वरूप दिसल्यावर काय करू नये, हे आधी सांगतो, कारण बहुतेक हानी तेथेच होते. डिस्क दुरुस्त करण्याची विंडोजची आज्ञा चालवू नये. ती सांगाडा सुधारताना तुटक नोंदी छाटून टाकू शकते. विंडोज नव्याने घालू नये. विषाणूतपासणीसाठी संपूर्ण डिस्क वाचायला लावू नये. फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा तर मुळीच करू नये, कारण बाहेर काढताच आत दव धरते. आमच्या भागातील एका औषधी दुकानदारांची डिस्क अशीच रेंगाळू लागली असता कारागिराने ‘साफ करून देतो’ म्हणून ती फॉर्मॅट केली. यंत्र उत्तम चालू लागले. उधारीची चार वर्षांची खाती मात्र गेली.

करावयाचे ते असे. संगणकावरील काम त्वरित थांबवावे आणि मूल्य पाहून प्रत काढावी. प्रथम रुग्णनोंदींचा डेटाबेस व हिशेबाची फाईल, मग कागदपत्रे, सर्वांत शेवटी छायाचित्रे. डिस्क अडखळत वाचत असेल तर फाईली उचलण्याचा हट्ट न धरता सबंध डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. लिनक्सवरील ‘डीडीरेस्क्यू’ हे विनामूल्य साधन आधी निरोगी भाग वाचून घेते, दुखऱ्या भागांकडे नंतर वळते आणि कोठवर आले याची नोंद ठेवते. टक् टक् आवाज असेल किंवा तबकडी फिरतच नसेल, तर वीज बंद करून डिस्क धूळरहित कक्ष असलेल्या प्रयोगशाळेत पाठवावी. उंद्रीहून पाहता हे पुण्या-मुंबईचे काम आहे आणि खर्चिक आहे. दारात बसून डिस्क उघडणाऱ्याच्या हाती ती देऊ नये.

तरीही असाध्य ते असाध्यच. खरा उपाय आधी काढून ठेवलेल्या प्रतींचा. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेले सूत्र सोपे आहे: एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक अन्यत्र. दवाखान्यापुरते पाहता एक प्रत संगणकात, दुसरी बाह्य डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरील साठ्यात किंवा घरी ठेवलेल्या डिस्कवर. पेनड्राईव्ह ने-आणीसाठी ठीक आहे. वर्षानुवर्षांच्या जतनासाठी त्यावर भिस्त ठेवू नये. औषधी विक्रीचे सॉफ्टवेअर सुरू असताना त्याचा फोल्डर उचलून नेल्यास अर्धवट प्रत मिळते. त्यातील बॅकअपचीच आज्ञा वापरावी. हिशेबाच्या बाबतीत तर कायद्याचाही प्रश्न आहे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या नियत दिनांकापासून ७२ महिने जपावे लागतात.

बॅकअप झाल्यावर बाह्य डिस्क काढून ठेवणे हा विधीचा आवश्यक भाग आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रामने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला गाठले आणि आपल्या उरणनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. कंपनीच्या जाळ्याची किल्ली सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, म्हणून एकाबरोबर सारे पुसले गेले. वाचला तो घानामधील एक, कारण त्या वेळी तेथे वीज गेलेली होती! भारनियमन सोसलेल्या आपल्या भागाला या कथेचे मर्म वेगळे सांगायला नको. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर खंडणीखोर हल्ला झाला, तेव्हा बाह्यरुग्ण विभागाचे काम कित्येक दिवस कागदावर करावे लागले. इंटरनेटवरील फोल्डर संगणकाशी आपोआप जुळत राहत असेल, तर इकडे पुसलेले तिकडेही पुसले जाते, हेही लक्षात असू द्यावे.

विजेविषयी थोडेसे. वीज अकस्मात गेली तरी आजच्या डिस्कचे शीर्ष आपणहून सुरक्षित जागी सरकते. अपाय होतो तो त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या डेटाबेसला. म्हणून यूपीएस हवाच आणि त्याची बॅटरी अधूनमधून तपासावी. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत पंख्याच्या जाळीवर जमणारी धूळ पुसावी. ती डिस्कच्या आत शिरत नाही, पण उष्णता कोंडते.

घेतलेली प्रत उघडते की नाही, हे दर तिमाहीस दुसऱ्या संगणकावर पाहावे. एका रुग्णाचे पत्रक आणि एका दिवसाची विक्री नीट दिसली म्हणजे पुरे. बाह्य डिस्कवर रुग्णांची खाजगी माहिती असल्याने तिला सांकेतिक कुलूप लावावे आणि त्याची किल्ली कागदावर लिहून वेगळी ठेवावी. नव्या लॅपटॉपमध्ये असे कुलूप कित्येकदा आपोआप लागलेले असते. दुरुस्तीला देण्यापूर्वी त्याची किल्ली हाताशी आहे ना, ते पाहावे. आणि निकामी डिस्क भंगारात देण्यापूर्वी तिच्या तबकड्यांना आरपार दोन-तीन भोके पाडून घ्यावीत. गावातील कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात ते काम होते.