प्रोबेटच्या निकालावर अपील: वाट आणि वाटखर्च

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा शिक्का. मालमत्तेची मालकी त्यात ठरत नाही. वारसदारांची गल्लत होते ती नेमकी इथे.

पहिले अपील: भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925, कलम 299. नाशिकच्या जिल्हा न्यायाधीशांचा आदेश असेल, तर मुंबई उच्च न्यायालय; मुदत 90 दिवस. उच्च न्यायालयाच्याच ओरिजिनल साइडला, म्हणजे थेट तिथे दाखल झालेल्या प्रकरणात, एकलपीठाने (एका न्यायाधीशाने) निकाल दिला असेल, तर तिथल्याच खंडपीठाकडे. मुदत मात्र 30 दिवस.

1 जुलै 2002: दिवाणी प्रक्रिया संहितेचे सुधारित कलम 100-अ लागू. एकलपीठाने अपिलात निकाल दिला, की खंडपीठाकडे पुन्हा अपील बंद. उरते ती सर्वोच्च न्यायालयातली विशेष अनुमती याचिका. म्हणजे दिल्लीचा वकील, मराठी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर, प्रवास. एवढे करून परवानगी मिळेलच असे नाही.

जुने, म्हणजे या सुधारणेआधीचे दावे: अपिलाचा हक्क दावा दाखल होताच मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली गरिकापाटी खटल्यात म्हटले. कायदा स्पष्टपणे किंवा ओघाने तो काढून घेत नसेल, तर तो टिकतो.

डिसेंबर 2025: मुंबईत प्रोबेट सक्तीचे करणारे कलम 213 संसदेने वगळले.