अक्षतांचा हिशेब

भाचीच्या लग्नाची फिल्म करायचं काम माझ्याकडे आलं. कुणाचा फोन, कुणाचा कॅमेरा, कुणाचा पेनड्राइव्ह, असं करत करत दहा तासांचं चित्रण जमलं. त्यातून तासाभराची फिल्म काढायची होती. संगणकावर शेवटी 'एक्सपोर्ट' लिहिलेलं एक बटण येतं, नखाएवढं. ते दाबायच्या आधी मी सहज कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि आकडे मांडत गेलो. रात्री एक वाजला तरी उठवेना. या, तुम्हीही बसा शेजारी.

एकच चित्र घेऊ, फुल एचडी. आडवे १९२० ठिपके, उभे १०८०. गुणाकार २० लाख ७३ हजार ६००. दर ठिपक्याला तांदळाचा एक दाणा ठेवू. ग्रॅमला ५० दाणे धरले तर एका चित्राचा तांदूळ झाला साडेएकेचाळीस किलो. हे एक चित्र! सेकंदाला अशी २५ चित्रं डोळ्यांपुढून सरकतात, म्हणजे सेकंदाला टनाहून जास्त तांदूळ. एक मंगलाष्टक अर्ध्या मिनिटाचं धरा: ३१ टन. अख्ख्या तासाला ३,७३२ टन! मालगाडीच्या वाघिणीत ६० टन भरले, तर ६२ वाघिणी लागतील. फाटकाशी थांबून लहानपणी वाघिणी मोजल्या असतील ना तुम्ही? संपता संपायच्या नाहीत. तेवढी गाडी, एका तासाच्या फिल्मसाठी.

आता रुपये मोजू. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाचे तीन आकडे असतात, लाल, हिरवा आणि निळा. एक आकडा म्हणजे एक बाइट. बाइटला रुपया लावा. सेकंदाला १५ कोटी ५५ लाख. मिनिटाला ९३३ कोटी. तासाला जवळजवळ ५६ हजार कोटी! मुंबई महापालिकेचा २०२४-२५ चा अर्थसंकल्प ६० हजार कोटींच्या घरातला होता. रस्ते, पाणी, रुग्णालयं, कचरा, मुंबईचं अख्खं वर्ष त्यात आलं.

माझ्या मुलाने काही भाग फोनवर फोर-केमध्ये टिपला होता, सेकंदाला ६० चित्रं. ठिपके चौपट, चित्रं दुपटीहून जास्त. इथे तांदूळ पुरायचा नाही, पाणी घेऊ. ठिपक्याला एक थेंब, वीस थेंबांचा मिलिलिटर. सेकंदाला जवळजवळ २५ हजार लिटर! उन्हाळ्यात ज्याची वाट पाहत अख्खा गाव हंडे मांडून बसतो, तो दहा हजार लिटरचा टँकर. तसे अडीच टँकर, एका सेकंदात. पाच मीटर रुंद आणि दहा मीटर खोल विहीर आठ सेकंदांत तुडुंब. सप्तपदीचं तिसरं पाऊल पडायच्या आत पाणी काठाला.

आणि ती कॅसेट! भाचीच्या आईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या लग्नाची व्हीएचएस. तिच्यातली दोन मिनिटं मला फिल्मच्या सुरुवातीला हवी होती. लेबलावरची बॉलपेनची शाई फिकटली होती, फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. मी ती हळूहळू पुसून काढली. तीन तासांच्या कॅसेटमध्ये फीत असते जेमतेम अडीचशे मीटर. पण चित्र फितीवर सरळ लिहिलेलं नसतं, तिरप्या रेघांनी लिहिलेलं असतं. व्हीसीआरच्या पोटातला ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्यावरचं हेड सेकंदाला ४.८७ मीटर वेगाने फितीवरून घासत जातं. तीन तासांच्या त्या रेघा एकापुढे एक जोडा. साडेबावन्न किलोमीटर! सीएसएमटीहून निघालात तर कल्याण आलंच. अशा चार कॅसेटी जोडल्या तर २१० किलोमीटर होतात, आणि मुंबई-पुणे रेल्वेने १९२. म्हणजे पुणं गेलं, हडपसरही मागे पडलं. बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटी चारच होत्या.

मग ६२ वाघिणींचा माल छोट्याशा फायलीत मावतो कसा? नेहमीच्या ठरावीक मापाने, सेकंदाला दहा लाख बाइट धरून फिल्म बाहेर काढली, तर ३,७३२ टनांचे राहतात फक्त २४ टन. अर्धी वाघीणसुद्धा भरत नाही! या किमयेच्या मुळाशी बंगळुरूत जन्मलेला एक माणूस आहे, नासिर अहमद. चित्र थोडक्या आकड्यांत मांडायची एक गणिती कल्पना त्यांना सुचली. अमेरिकेत त्यांनी तिच्यासाठी अनुदान मागितलं, ते नाकारलं गेलं. कल्पना फारच सोपी वाटली म्हणे. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी ती १९७४ साली छापली. आज फोनमधला फोटो असो की लग्नाची फिल्म, ते गणित कुठल्या ना कुठल्या रूपात आत बसलेलं असतं. त्यातलं गणित गणित्यांकडेच राहू दे, आपण फक्त मेहनत मोजू.

ते गणित लावायच्याही आधी संगणक चित्राचे चौकोन पाडतो, १६ बाय १६ ठिपक्यांचे. आडवे १२० चौकोन, उभे ६८. १०८० ला १६ ने पुरता भाग जात नाही, म्हणून तो आठ ओळी जास्तीच्या धरतो आणि दाखवताना कापून टाकतो. शिवणाऱ्या बाईने शिलाईपुरतं कापड सोडावं, तसं. एकूण ८,१६० चौकोन. प्रत्येकासाठी एकच प्रश्न: हा तुकडा मागच्या चित्रात कुठे होता? चारी बाजूंना १६ ठिपक्यांपर्यंत शोधायचं तर १,०८९ जागा, आणि प्रत्येक जागी २५६ वजाबाक्या. एका चित्राला २२७ कोटी. एका सेकंदाला ५,६८७ कोटी!

हे काम माणसाला देऊन बघू. पाटी-पेन्सिल घ्या, सेकंदाला एक वजाबाकी करा, जेवण नाही, झोप नाही. फिल्मचा एक सेकंद उरकायला १,८०० वर्षं लागतील. सातवाहनांची सत्ता मावळत होती तेव्हा बसलेला माणूस आज कुठे उठेल, तोही एकच सेकंद संपवून. एका तासाला ६५ लाख वर्षं. आणि मी तर दहाही तास आधी एका साच्यात आणायला लावले होते. साडेसहा कोटी वर्षं! आपला सह्याद्री ज्या लाव्हाचा घडला, तो साधारण तेव्हाच उसळत होता. राजगडाच्या कड्याएवढ्या जुन्या वजाबाक्या, टेबलावरच्या एका डब्यात! खरं तर सॉफ्टवेअर सगळ्या जागा धुंडाळत नाही. आडवाटा माहीत असल्यासारखं ते मोजक्याच जागा बघतं, म्हणून तर सकाळी उठेपर्यंत काम झालेलं होतं.

सकाळी फिल्म लावली. अंतरपाट धरलेला होता तोवर चित्र कसं स्वच्छ! पांढरं कापड हलतंय कुठे? संगणकाला तिथे लिहायचंच काही नाही. आणि अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या, तोच माझ्या आईच्या चेहऱ्यावर चौकोन चौकोन. दाणा न् दाणा वेगळ्या दिशेने चाललेला. मागच्या चित्रात कुठे होता ते शोधणार कसं? सेकंदाच्या दहा लाख बाइटांत तो पाऊस मावेना.

मी माप अडीचपट केलं आणि पुन्हा बटण दाबलं. अर्ध्या वाघिणीत न मावलेला माल आता बरोबर एका वाघिणीत बसला, ६२ वाघिणींचा एकीत. आईच्या पांढऱ्या केसांत अडकलेले तीन दाणे मोजता येतात. तिसरा हळदीने जरा जास्त पिवळा झालेला आहे.