नोंदवहीत नसलेली झाडे

रेशनकार्डावर नाव नसेल तर माणूस समोर उभा असूनही दुकानदार धान्य देत नाही. हजेरीपुस्तकात नाव नसेल तर केलेल्या कामाचा पगार हाती पडत नाही. हे आपण सारेच जाणतो. झाडांचेही तसेच आहे. ज्या झाडाची कोठे नोंद नाही, ते तोडले गेले तरी दाद मागायला कोणी उभे राहत नाही. म्हणूनच अशी झाडे रानोमाळ शोधत फिरणाऱ्यांच्या कामाची ओळख वाचकांना करून द्यावी, असे आम्हाला वाटले.

सह्याद्रीच्या पश्चिमेकडील सदाहरित रानात, केरळपासून कोकणापर्यंत, ओढ्याकाठी काही चिखलाच्या जागा आहेत. तेथे जायफळाच्या कुळातील रानझाडे दाटीने उभी असतात. चिखलात मुळांना हवा मिळत नाही. म्हणून ही मुळे गुडघा दुमडावा तशी चिखलाबाहेर येतात आणि हवा घेतात. शास्त्रज्ञ अशा जागेला ‘मायरिस्टिका स्वॅम्प’ म्हणतात. केरळातील अशा जागांचे वर्णन १९६० साली प्रसिद्ध झाले.

बिब्बा, जांभूळ, मोह ही झाडे आपल्या घरात कोणालाच परकी नाहीत. त्यांचेच दुर्मीळ भाऊबंद या ओल्या रानात दडलेले आहेत. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात कत्तलेकान नावाचे रान आहे. कत्तलेकान म्हणजे काळोखाचे रान. तेथे बिब्ब्याच्या कुळातील एक झाड मिळाले आणि २००० साली ते विज्ञानाला नवे म्हणून जाहीर झाले. जांभळाच्या आणि मोहाच्या कुळातील प्रत्येकी एक दुर्मीळ झाड तर दूर दक्षिणेकडचेच समजले जाई. तीही याच जिल्ह्यात असल्याचे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी २००८ साली दाखवून दिले.

हा शोध घेतात तरी कसा? आधी जुने अहवाल वाचतात, जपून ठेवलेल्या वाळक्या फांद्यांचे नमुने तपासतात. नकाशावर बारमाही ओढे आणि सखल सपाट जागा हेरतात. मग पायपीट सुरू होते. जळवा अंगावर घेत, ओढ्याच्या कडेकडेने चालत गुडघ्यासारखी मुळे दिसतात का ते पाहतात. झाड सापडले की छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजतात, जागा टिपून ठेवतात आणि खालची रोपेही मोजतात. मोठी झाडे आहेत पण रोपे नाहीत, तर त्या रानाला पुढची पिढी नाही असे समजावे.

नवी जागा मिळणे इतके मोलाचे का? रानजायफळात नराचे झाड वेगळे, मादीचे वेगळे. एकटे झाड उरले तर त्याला फळ धरत नाही. त्याचे बी वाळवून डब्यात साठवता येत नाही, कारण वाळले की ते मरते. धनेशासारखे मोठे पक्षी ते बी दूर नेऊन टाकतात. पक्षी गेले की प्रसार थांबतो. म्हणून आणखी एक जागा सापडणे म्हणजे त्या झाडाला जगण्याची आणखी एक संधी मिळणे होय.

आपल्या महाराष्ट्रातही अशी जागा निघाली. गोव्याच्या हद्दीजवळ, सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे असे रान असल्याची नोंद २०१८ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आली. तोपर्यंतच्या ज्ञात रानांत हे सर्वांत उत्तरेकडचे होते. धोक्यात आलेले एक रानजायफळ येथे आहे. २०२१ साली शासनाने या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. क्षेत्र किती? सुमारे अडीच हेक्टर, म्हणजे जेमतेम सहा एकर!

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. शास्त्रज्ञांना जे ‘सापडले’ ते गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यांनी ती राई राखली म्हणूनच ती सापडू शकली. गुरे राखणारा, मोळी आणणारी बाई, औषधी पाला ओळखणारी म्हातारी यांनी कोठले झाड कोठे आहे ते सांगितले नाही तर शहरातून आलेला अभ्यासक रानात चुकेल. त्यांच्या ज्ञानाचाही मान राखला गेला पाहिजे.

आणि वेळ थोडा आहे. भात आणि सुपारी यांना हवी असते तीच सखल, पाण्याची जमीन या झाडांना लागते. ओढा वळवला की रान सुकते. अशा कितीतरी जागा नोंद होण्यापूर्वीच बागायतीखाली गेल्या.

२००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि गावातील झाडे-प्राण्यांची लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. तेव्हा सुट्टीत कोकणात गावी जाल तेव्हा ही वही पाहायला मागा. मुलांना बरोबर न्या, वडीलधाऱ्यांना ओढ्याकाठच्या झाडांची नावे विचारा. वहीत नसलेले नाव निघाले तर ते लिहून घ्यायला लावा. झाडाला बोलता येत नाही. त्याचे नाव वहीत घालण्याचे काम माणसालाच करावे लागेल.