सरकारी इमारतीची पट्टी कोण भरतो?

बिलोलीच्या पेठेतला रस्ता झाडायचा, दिवे लावायचे, तर खर्च निघतो आपल्या घरपट्टीतून. मग त्याच रस्त्यावर केंद्र सरकारच्या मालकीची कचेरी वा कर्मचाऱ्यांची घरे असली तर? (भाड्याच्या इमारतीची गोष्ट वेगळी, तिची पट्टी घरमालक भरतो.)

राज्यघटनेच्या २८५व्या कलमाने केंद्राच्या मालमत्तेला राज्याच्या व पालिकेच्या करातून सूट दिली आहे. पण कर नाही म्हणजे सारे फुकट, असे नव्हे. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात २००९ साली सूत्र ठरले: सर्व सेवा घेतल्यास मालमत्ताकराच्या ७५ टक्के, थोड्या घेतल्यास ५० आणि एकही न घेतल्यास ३३⅓ टक्के सेवाशुल्क. मला हे न्याय्य वाटते. नाहीतर तो भार बिचाऱ्या दुकानदारावरच पडतो.

अमेरिकेत सार्वजनिक गृहनिर्माण संस्थाही करमुक्त असतात, पण कराऐवजी वीज-पाणी वगळून उरलेल्या भाड्याचा साधारण १० टक्के हिस्सा गावाला देतात. व्यापारी पेठेची जादा वर्गणी निराळी. १९७० साली टोरांटोच्या ब्लूअर वेस्ट व्हिलेजमधल्या व्यापाऱ्यांनी ती स्वतःवर लावून घेतली. गरिबांच्या वसाहतीकडून ती मागावी का? पेठ सजली तर फायदा गल्ल्याला होतो, भाडेकरूला फारसा नाही. झाडलोट मात्र दोघांच्याही दारात होते.