टकलावरही केस असतात

घरात कुणाला गुळगुळीत टक्कल असेल तर त्यांना खिडकीपाशी बसवा आणि तिरप्या उजेडात त्यांच्या माथ्याकडे नीट बघा. भिंग मिळालं तर उत्तमच. लांबून चकचकीत दिसणाऱ्या त्या कातडीवर बारीक, रंग हरवलेली, मिलिमीटर-दोन मिलिमीटरांची लव दिसेल. बाळाच्या गालावरची लव आणि ही लव एकाच जातीची.

म्हणजे टक्कल ही केस नसलेली जागा नव्हे. तिथे केस उगवतात, गळतात आणि पुन्हा उगवतात. त्यांना उगवणारी मुळंही जागच्या जागी असतात. अमेरिकेत जॉर्ज कॉट्सारेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये टकलाच्या कातडीतली मुळं तपासली, तेव्हा केस घडवणाऱ्या मूळपेशी तिथे जवळजवळ तेवढ्याच संख्येने सापडल्या. त्यांच्यापासून पुढे तयार होणाऱ्या, प्रत्यक्ष कामाला लागणाऱ्या पेशी मात्र फार कमी होत्या. हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो. आपण ज्याला ‘केस गेले’ म्हणतो, तिथे खरं तर केस इतके लहान झालेत की डोळ्याला सहज दिसत नाहीत!

ते लहान होतात कसे, हे कळायला केसाचं आयुष्य समजून घ्यावं लागतं. आपल्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. त्यांची मुळं आईच्या पोटातच तयार होतात. जन्मानंतर भर पडत नाही. प्रत्येक मूळ स्वतःच्या वेळापत्रकाने चालतं. दोन ते सहा वर्षं केस वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत मूळ आकसतं, तीनेक महिने विश्रांती घेतं, जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा फुटतो. लाख मुळांची लाख वेळापत्रकं, म्हणून डोकं एकदम कधी रिकामं होत नाही. रोज पन्नास ते शंभर केस गळणं हा याच व्यवहाराचा भाग आहे. कंगव्यात अडकलेल्या त्या केसांनी घाबरायचं कारण नाही.

पुरुषांचं नेहमीचं टक्कल पडतं ते केस गळतात म्हणून नाही. गळलेल्या केसाच्या जागी येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि कमी दिवसांचा असतो, म्हणून पडतं. वाढीचा काळ चार वर्षांचा होता तो दोनावर येतो, मग एकावर, मग काही महिन्यांवर. चार वर्षं वाढणारा केस ४८ सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकतो, तीन महिने वाढणारा तीन सेंटीमीटरवरच थांबतो. दर फेरीत मूळ आणखी लहान होतं, कातडीत आणखी वर सरकतं, रंग भरणं कमी होतं आणि शेवटी उरते ती लव. हे सगळं इतकं सावकाश होतं की आरशात रोज बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो जुना फोटो हाती आल्यावर.

टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस हातात येतात, त्याचा याच्याशी संबंध नाही. तिथे तापाच्या धक्क्याने पुष्कळ मुळं एकाच वेळी विश्रांतीला जातात आणि काही महिन्यांत परत कामाला लागतात. चाई पडते तो प्रकार आणखी निराळा. तिथे शरीराची संरक्षणव्यवस्थाच मुळांवर हल्ला करते. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये बायका, पुरुष, मुलं अशा सगळ्यांचेच केस काही दिवसांत गेले. आधी पाण्यावर आणि मग सेलेनियमवर संशय आला. काही दिवसांत आणि सरसकट जाणारे केस हा एक प्रश्न. वर्षानुवर्षं, ठरलेल्या जागांवरून विरळ होत जाणारे केस हा वेगळाच. इथे बोलतो आहे ते दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

ठरलेल्या जागा म्हणजे कपाळाच्या दोन्ही बाजूंचे कोपरे आणि टाळूचा भोवरा. हळूहळू दोन्ही पडीक भाग एकमेकांना मिळतात आणि कानांवरून मागे जाणारी पट्टी तेवढी शिल्लक राहते. ही पट्टी सहसा जात नाही. का जात नाही, या प्रश्नाने पुढे एक अख्खी शस्त्रक्रिया जन्माला घातली. पण मुळांना लहान व्हायचा हुकूम देतो कोण, हे आधी पाहू.

खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे हिपोक्रेटिसच्या ग्रीसमध्येही लोकांनी टिपलं होतं. पुरावा मिळायला मात्र १९४२ साल उजाडलं. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने वयात येण्यापूर्वीच वृषण काढले गेलेले पुरुष तपासले. टक्कल कुणालाच नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस विरळ होऊ लागले. बाकीच्यांचे झाले नाहीत. म्हणजे दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: पुरुषी संप्रेरक आणि त्याला बळी पडणारी मुळं. टक्कल असलेल्याच्या अंगात संप्रेरक जास्त असतं, ही समजूत त्यामुळेच चुकीची ठरते. प्रमाण दोघांत सारखं असू शकतं. फरक मुळांच्या संवेदनशीलतेत असतो.

आणि या संप्रेरकाचं वागणं तरी किती विलक्षण! वयात येताना हेच संप्रेरक हनुवटीवरच्या लवेचं दाढीत रूपांतर करतं. हेच पुढे टाळूवरच्या केसांची लव करतं. एकच रेणू, एकच रक्त, जेमतेम वीतभर अंतर, आणि दोन ठिकाणी नेमके उलटे परिणाम. निरोप एकच आहे, पण तो कसा ऐकायचा हे प्रत्येक मूळ आपापल्या जागेनुसार ठरवतं.

याच्या पुढचा दुवा मिळाला तो कॅरिबियन बेटांवर. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये लास सालिनास नावाच्या खेड्यात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत, मुली म्हणूनच वाढत, आणि बाराव्या वर्षाच्या सुमाराला त्यांचा आवाज फुटे, स्नायू भरत आणि ती मुलगे होत. ज्युलिअन इम्पेराटो-मॅकगिन्ली या डॉक्टरबाईंनी या कुटुंबांचा अभ्यास करून १९७४ मध्ये निष्कर्ष छापले. या मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं. पण त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी, या कितीतरी प्रभावी रूपात परिवर्तन करणारं एन्झाइम त्यांच्यात निकामी होतं. मोठेपणी त्यांची दाढी विरळ राहिली, प्रोस्टेट ग्रंथी लहान राहिली आणि कपाळावरचे केस मागे हटले नाहीत. एका दूरच्या खेड्यातल्या कुटुंबांनी जगभरच्या टकलामागचा गुन्हेगार दाखवून दिला. मुळांना लहान करणारं ते डीएचटीच.

मर्क कंपनीचे रॉय व्हॅजेलोस यांच्या नजरेला हे काम पडलं. या मुलांमध्ये निसर्गाने जे केलं तेच गोळीने करता येईल का, या विचारातून फिनास्टराइड तयार झालं. १९९२ मध्ये ते पाच मिलिग्रॅमच्या गोळीत वाढलेल्या प्रोस्टेटसाठी आलं, १९९७ मध्ये एक मिलिग्रॅममध्ये टकलासाठी. रक्तातलं डीएचटी त्याने साधारण दोन-तृतीयांशाने कमी होतं. दोन वर्षांच्या चाचणीत, केस प्रत्यक्ष मोजून, गोळी घेणाऱ्या ८३ टक्के पुरुषांचं पुढचं नुकसान थांबलेलं दिसलं. नकली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं. औषध म्हणून हे यश मोठं आहे. पण दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. थोड्या पुरुषांमध्ये कामेच्छा किंवा ताठरता कमी होते, काहींना नैराश्य येतं, आणि आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये मान्य केलं. मन आधीच खचलेलं असेल तर डॉक्टरांना ते सांगूनच गोळी घ्यावी. गरोदर स्त्रीने या गोळीचा चुरा हाताळू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीत ती ढवळाढवळ करू शकते. प्रोस्टेटसाठीच्या पीएसए तपासणीचा आकडा या गोळीने जवळपास निम्मा होतो, तेव्हा तपासणीच्या वेळी हेही सांगायला विसरू नका.

बळी पडणारी मुळं कुणाकडून येतात? आपल्याकडे मुलाच्या मामाच्या डोक्याकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे. संप्रेरकाचा निरोप पकडणाऱ्या प्रथिनाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडूनच. पण आजोळावर सगळं ढकलता येणार नाही. ५२ हजारांहून अधिक ब्रिटिश पुरुषांच्या २०१७ मधल्या अभ्यासात टकलाशी जोडलेल्या जनुकीय जागा निघाल्या २८७, आणि त्यातल्या बहुतेक एक्सवर नाहीत. वडिलांचा वाटाही भरपूर आहे. हेल्मेटचा, टोपीचा आणि बोअरच्या पाण्याचा मात्र या प्रकारच्या टकलात हात नाही. जावळ काढल्याने पुढे केस दाट येतात हेही खरं नाही. वस्तरा कातडीच्या वरचा केस कापतो, मूळ त्याच्या तीन-चार मिलिमीटर खाली असतं.

दुसऱ्या औषधाचा शोध तर केवळ अपघाताने लागला. अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीची मिनॉक्सिडिल ही गोळी रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवायची. १९७० च्या सुमाराला ती घेणाऱ्या रुग्णांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस दाट होऊ लागले. कोलोरॅडो विद्यापीठातल्या गुंटर काह्न आणि पॉल ग्रँट या डॉक्टरांच्या मनात आलं की हे औषध कातडीवर लावून बघावं, आणि त्यांनी ते आधी स्वतःवर लावलं. १९८८ मध्ये डोक्याला लावायच्या मिनॉक्सिडिलला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याचा डीएचटीशी संबंध नाही. ते विश्रांतीतल्या मुळांना लवकर कामाला लावतं आणि वाढीचा काळ लांबवतं. गंमत म्हणजे बाटलीतलं मिनॉक्सिडिल स्वतः फारसं काही करत नाही. मुळातलं एक एन्झाइम त्याचं रूप बदलतं तेव्हा ते कामाला येतं. हे एन्झाइम कुणात भरपूर, कुणात अगदी कमी. एकाच बाटलीने एका भावाला गुण येतो आणि दुसऱ्याला येत नाही, त्याचं एक कारण हे. लावायला सुरुवात केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात आणि पुष्कळ जण इथेच घाबरून सोडून देतात. सोडू नका. नवा केस वाढायला लागला की जुना सुटतो, म्हणून ते गळणं असतं. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. घरात मांजर असेल तर फार जपा, कारण मिनॉक्सिडिल मांजरांसाठी जीवघेणं विष आहे.

आता कानांवरच्या त्या पट्टीकडे येऊ. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेनट्राइक या त्वचारोगतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात मागच्या भागातली केसांसकट कातडी टकलावर लावली, आणि टकलावरची मागे. बऱ्याच जणांची अपेक्षा अशी, की टकलाची जमीनच नापीक असल्यामुळे नवे केसही तिथे वाळतील. तसं झालं नाही. मागून आणलेली मुळं टाळूवरही जोमाने वाढली. टाळूवरची मुळं मागच्या सुपीक जागीही बारीकच होत गेली. मुंबईत आयुष्य काढून गावचं नाव सांगणाऱ्या चाकरमान्यासारखं मूळ आपलं मूळचं ठिकाण सोडत नाही! १९५९ मध्ये त्यांनी हे छापलं आणि केशरोपण नावाचा व्यवसायच उभा राहिला. जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी भाजलेल्या कातडीसाठी असंच रोपण १९३९ मध्ये छापलं होतं, पण ते बाहेरच्या जगाला फार उशिरा कळलं.

ऑरेनट्राइक यांच्या काळात चार मिलिमीटरचे गोल तुकडे लावत आणि डोकं बाहुलीसारखं दिसे. आज एक ते चार केसांचा नैसर्गिक पुंजका सुटा काढून लावतात, त्यामुळे जाणकार हातांनी केलेलं काम ओळखू येत नाही. लावलेले केस पहिल्या महिन्याभरात गळतात, तीन-चार महिन्यांनी फुटतात आणि पुरा परिणाम दिसायला वर्ष जातं. पण मागची पट्टी मर्यादित आहे आणि तिथून काढलेलं मूळ परत येत नाही, म्हणून विशीतल्या मुलाचा सगळा साठा कपाळावर खर्च करणारा डॉक्टर त्याचं भलं करत नाही. शिवाय मूळचे केस मागे हटणं रोपणाने थांबत नाही. ते औषधाने थांबवलं नाही, तर पुढे लावलेल्या केसांचं बेट उरतं आणि त्यामागे मोकळं रान. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून हे काम पात्र डॉक्टरांचंच असल्याचं बजावलं आहे. सुई आणि वस्तरा कोण हातात धरणार, हे आगाऊ पैसे देण्यापूर्वी विचारून घ्या.

स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सची इंजेक्शनं आणि लेझरचे कंगवे यांचा काही जणांना थोडा उपयोग होतो, खर्च मात्र बराच होतो. तेलाने केसाचा वरचा भाग मऊ राहतो, डीएचटीला तेल अडवत नाही.

टक्कल हा आजार नाही. ज्याला त्याचं काही वाटत नाही, त्याने काहीही करू नये. ज्याला वाटतं, त्याने वेळ दवडू नये. मूळ जितकं कमी आकसलेलं, तितकं ते परत आणणं सोपं, आणि पूर्ण लव झालेल्या माथ्यावर औषधांचं फारसं चालत नाही. दोन्ही औषधं बंद केली की मिळवलेलं साधारण वर्षभरात जातं, हेही आधीच माहीत असू द्या. कपाळाचे कोपरे मागे जाताना दिसले तर पुढचं वर्ष जाहिरातीतल्या तेलांवर घालवण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि उपचार सुरू करायच्या दिवशी माथ्याचा एक फोटो काढून ठेवा.